गप्प बसलेला व्हॉल्व्ह

कंपनीत तिला सगळे पेन्सिलताई म्हणत. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर येऊन पंधरा वर्षं झाली, तरी हिच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायचीच. पाइप कुठून न्यायचा, कुठे वळवायचा, कुठे टेकू द्यायचा, हे ती बावीस वर्षं काढत आली होती. पाइपाचं वजन किती, तापल्यावर तो किती वाढेल, हे तिला तोंडपाठ. पाइप थरथरायला लागला की काय होतं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

नवरा तिथेच कॉम्प्रेसर शेडमध्ये ऑपरेटर. शेडमध्ये गॅस दाबून पुढे ढकलणारी दोन मशिनं, अगदी जुळी. प्रत्येकाच्या मोठ्या पाइपाला खाली अंगठ्याएवढी नळी आणि तिच्या टोकाला साचलेलं पाणी सोडायचा जड व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह फार नाचतात, अशी तक्रार आली तेव्हा पेन्सिलताईनं जेवायच्या सुट्टीआधीच उपाय काढला. शेजारच्या लोखंडी खांबापासून अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, आणायचा आणि त्याला व्हॉल्व्ह करकचून आवळायचा. दोन्ही मशिनांना एकच ड्रॉइंग, खाली तिची सही. व्हॉल्व्ह गप्प बसले. साहेबांनी चहा पाजला.

सात महिन्यांनी पहिल्या मशिनची नळी मुळाशी तडकली. गॅसनं पेट घेतला नाही हे नशीबच, पण गरम झोतानं तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या ऑपरेटरचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशी झाली. कागदावर आलं, ‘वेल्ड कच्चं.’ ज्यानं ते वेल्ड केलं होतं त्या वेल्डरला दाबाच्या गॅसपाइपांच्या कामावरून काढून जिन्यांचे कठडे जोडायला बसवलं.

तेव्हापासून पेन्सिलताई घड्याळाकडे बघत बसायची. नवरा कामावरून यायला पाच मिनिटं उशीर झाला की ती गॅलरीत. शेवटी तिनं रविवार सकाळचा वर्ग लावला. पाइपांचं कंपन कसं मोजायचं, त्याचं गणित कसं मांडायचं, हे शिकवणारा. वर्गात सगळी तिच्या लेकीच्या वयाची मुलं. शिकवणारे मास्तर निवृत्त इंजिनिअर, आयुष्य मशिनशेजारी काढल्यामुळे कानानं अधू. प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागे.

पहिले तीन रविवार सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. मग हळूहळू उमगायला लागलं. प्रत्येक नळीचा स्वतःचा एक ठेका असतो. मशिनचा ठेका त्याला जुळला की हलणं दसपटीनं वाढतं. ती घरी येऊन जेवणाच्या टेबलावर आकडेमोड करायची आणि लेक म्हणायची, “आई, तुझी परीक्षा कधी गं?”

आठव्या रविवारी मास्तरांनी फळ्यावर एक मोठा पाइप काढला, त्याला लटकलेली छोटी नळी आणि बाजूला एक खांब.

“ही मोठी लाइन म्हणजे आई,” ते म्हणाले. “ती हलणारच. लेकराला आईच्या कमरेशी बांधा, दोघं मिळून हलतील. पण लेकराला खांबाशी बांधलं तर? आई इकडे-तिकडे होते, लेकरू जागचं हलत नाही. सगळा हिसका मानेवर. वेल्ड कितीही पक्कं असू द्या, मान जातेच. वरून बघणाऱ्याला वाटतं, वा, व्हॉल्व्ह कसा शांत!”

वर्ग हसला. पेन्सिलताईला फळ्यावर स्वतःचंच ड्रॉइंग दिसलं. वेल्ड कच्चं नव्हतंच. पहिलं मशिन अपघातापासून बंद होतं, पण दुसऱ्यावर तिचा अँगल अजून तसाच होता. उद्या सकाळची पाळी नवऱ्याची.

तिनं तिथूनच फोन लावला. “अहो, उद्या कामावर जाऊ नका.”

“का? काय झालं?”

तिनं सांगितलं. मग तो म्हणाला, “मी नाही गेलो तर दुसरा कोणी उभा राहील तिथे. तू साहेबांना सांग.”

सोमवारी सकाळी सातला ती मास्तरांकडून मागून आणलेलं कंपनमापक घेऊन शेडमध्ये गेली. नवरा पॅनेलपाशी होता. मोठ्या पाइपावर मोजलं, काटा भसकन वर गेला. व्हॉल्व्हवर मोजलं, जवळपास शून्य. मधे वीतभर नळी. एवढं जवळ उभं राहायचं धाडस तिनं कसं केलं, देव जाणे. मशिन आपलं धडधड, धडधड.

तशीच ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब नुकतेच येऊन बसले होते.

“दुसरं मशिन बंद करा, साहेब. नळी तडकेल. पहिल्या वेळी चूक वेल्डरची नव्हती, माझ्या ड्रॉइंगची होती.”

साहेबांनी चष्मा काढला. “ताई, चौकशी संपली आहे. कशाला उगाच अंगावर घेता? तो व्हॉल्व्ह तर बघा, किती शांत बसलाय.”

“तीच तर भीती आहे.”

“लेखी द्याल?”

नोकरी जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं अंबाड्यातली पेन्सिल काढली, मग ती ठेवून साहेबांचाच पेन घेतला आणि उभ्याउभ्या लिहून दिलं.

साडेनऊला मशिन थांबलं. नळीच्या मुळाशी लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पूड मारली; तडा असेल तर आत शिरलेला रंग पुडीवर उमटणार होता. सगळे वाकून बघत होते. मिनिटभर काहीच नाही. मग पांढऱ्यावर नखाएवढी लाल रेघ उमटत गेली. नवऱ्यानं ती पाहिली आणि तो तिथेच खाली पायरीवर बसला.

दुपारी ती वेल्डरकडे गेली. तो जिन्यावर कठडा जोडत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला.

“चार महिने,” तो म्हणाला. “चार महिने मी स्वतःच्या हातावर संशय घेत होतो, ताई. रोज.”

माफ केलं, असं काही तो बोलला नाही. तिनंही माफी मागितली नाही. पण दोन दिवसांनी नवी नळी त्यानंच जोडली आणि व्हॉल्व्हला मोठ्या पाइपाशीच बांधणारी पट्टीसुद्धा. मशिन सुरू करताना पेन्सिलताईनं मापक धरलं तेव्हा ते पाइपावर एका जागी टेकेना. वेल्डरनं तिचं मनगट घट्ट धरलं. पाइप आणि व्हॉल्व्ह दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आले. तिनं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तसंच; नळीच्या मुळाला आता हिसका बसत नव्हता.

नोकरी गेली नाही. बढती तेवढी वर्षभर अडली. वेल्डरवरचा ठपका कंपनीनं लेखी मागे घेतला. आणि कंपनीतल्या अशा सगळ्या नळ्या तपासायचं काम साहेबांनी तिच्याच गळ्यात मारलं. एकशे चौदा निघाल्या. कुठून सुरुवात करायची, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “जिथे माणसं डबा खायला बसतात, तिथून.”