साकवाचा कौल

ओढ्यावर साकव बांधायचा की नाही, हे आज सकाळी आमच्या गावच्या देवळात ठरलं. सरपंच सुनंदावहिनींनी कौल लावायला सांगितला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देव आहे की नाही, हे साठी उलटली तरी मला ठरवता आलेलं नाही. गावाचा कारभार असा कळीवर टांगलेला पाहून मी मनातून चरफडत होतो.

डावी पडली. वहिनींनी पदर सावरला आणि देवालाच म्हणाल्या, “तुला ओढ्यात उतरावं लागत नाही. पोरांना लागतं. नीट बघ पुन्हा.”

या वेळी उजवी पडली.

पायऱ्या उतरताना मी विचारलं, “पुन्हा डावीच पडली असती तर?”

“मग तिसऱ्यांदा लावला असता,” वहिनी हसत म्हणाल्या.

मीही हसलो. खुशीत घरी निघालो. चपला हातात घेऊन ओढा ओलांडताना मात्र वाटलं, उद्या वहिनींच्या जागी पोरांची पर्वा नसलेला कुणी आला, तर देव त्यालाही तिसऱ्यांदा होच म्हणेल.