थुंकीचा बुडबुडा

मला घाणीचा तिटकारा आहे. तरी बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने सुट्टीला येताना आणलेली, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारी हातभर लांबीची रिमोटची गाडी मी हौसेने ठेवून घेतली. तिच्या इंधनात एरंडेल असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी नाक दाबून घशात ओतलेलं ते एरंडेल आता पडवीत, कपड्यांत, जेवताना बोटांनासुद्धा वास मारू लागलं. त्यावर, गाडी पळवायचो त्या कातळी सड्यावरची तांबडी धूळ बसून गाडीचा नुसता राडा व्हायचा. पुसून झालं की मी दोनदा साबणाने हात धुवायचो.

त्यात इंजिन बिघडलं. रेस सोडली तरी वेग खाली येईना, किंचाळतच राही, आणि मग एकदम बंद. हात लावावा तर चटका. इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू सकाळी जमवला की दुपारी चुकलेला. मी व्हिडिओ बघायचो आणि तोच स्क्रू पिळत बसायचो.

बाबा खुर्चीतून बघत असायचे. पोफळीच्या वीजगृहात त्यांची सगळी नोकरी गळत्या शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर अलोऱ्याची कॉलनी सुटली आणि ते खेडला माझ्याकडे आले. इथे त्यांना कुणी काही विचारत नाही.

"हवा खातंय रे ते कुठंतरी. स्क्रूला काय पिळतोस? माला जरा बगू दे."

"बाबा, हे तुमचं टर्बाइन नाही," मी म्हणायचो.

एका रविवारी माझे दोन मित्र आले होते. मी चहा आणायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर इंजिन बाबांच्या हातात. धूर बाहेर पडायचं भोक त्यांनी अंगठ्याने दाबलं, दुसऱ्या हाताच्या बोटावर चांगली थुंकी घेतली, मागच्या झाकणाच्या सांध्यावर फासली आणि इंजिनाचं चाक हळूच फिरवलं.

"शी!" मी ओरडलो. "बाबा, काय हा गलिच्छपणा! चार माणसं बसलीत, आणि तुम्ही थुंकता काय! तेच बोट परत तोंडात घालाल. विष आहे ते इंधन!"

"अरे, पण बुडबुडा आला बघ," एक मित्र म्हणाला.

बनियनच्या टोकाने बाबांनी ती थुंकी पुसली, इंजिन जपून खाली ठेवलं आणि मोरीत गेले. बराच वेळ हात धूत होते. मित्र मोबाइलमध्ये बघत राहिले.

संध्याकाळी, बुडबुडा आला होता ते मागचं झाकण मी उघडलं. आतलं पॅकिंग एका कडेला फाटलेलं होतं. तिथूनच हवा आत शिरत होती. नवं बसवलं आणि इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं. रात्री मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, "सापडला एकदाचा फॉल्ट. डोकं लावलं जरा." बाबा त्याच खोलीत पेपर वाचत होते. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, आणि आज त्याच गोष्टीची सगळ्यात जास्त शिसारी येते. एरंडेल साबणाने तरी जातं.

त्यानंतर बाबांनी खुर्ची मागच्या दारी नेली. म्हणाले, पडवीत ऊन येतं.

दोनेक महिन्यांनी इंजिन पुन्हा किंचाळू लागलं. मागचं झाकण ठीक होतं. दोन दिवस झटलो, हात टेकले. शेवटी मागच्या दारी जाऊन म्हटलं, "बाबा, जरा बघता का?"

ते उठले आणि आधी मोरीत गेले. आले ते वाटीत साबणाचा फेस घेऊन. त्यात त्यांचा दाढीचा ब्रश होता, स्वच्छ धुतलेला. वाटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

"कार्ब्युरेटर बसतो ना, त्या मानेला लाव," ते म्हणाले. "तूच लाव. माजं हात नकोत त्याला."