बाजाराच्या पिशवीतली वांगी

आमच्या गावातल्या बाया गर्भपातासाठी सरकारी दवाखान्यात बाजाराच्या दिवशीच जातात. हातात पिशवी असली की कोणी काही विचारत नाही. दोन लेकरांवर आम्हा नवरा-बायकोला तिसरं नको होतं. कायद्यात बसणाऱ्या गोष्टीसाठी ही चोरी कशाला, म्हणून मी चिडलेलीच होते. डॉक्टरीणबाई मात्र नीट बोलल्या, सगळं सुखरूप झालं. तोवर बाहेर, सोबत आलेल्या जावेनं घाईघाईत पिशवी भरली ती वांग्यांनी, आणि आमच्या परसात वांगी नुसती लगडलेली. घरी पोचल्यावर सासूबाईंनी आधी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"पडून राह्य आता. सैपाक मी करतो."

चुलीपाशी बसून त्या वांगी चिरू लागल्या.

"मी गेलती तवा मिरच्या आणल्या होत्या," त्या म्हणाल्या. "घरी अंगणभर मिरच्याच वाळत होत्या."