बरगड्यांच्या आतलं

माझे यजमान गच्चीच्या शिडीवरून पडले. वर अडकलेलं मांजर उतरवायला चढले होते. ते छातीवर आपटले आणि त्यांना धड श्वास घेता येईना, म्हणून रिक्षात घालून मी त्यांना इस्पितळाच्या अपघात विभागात नेलं.

तरुण डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजूंनी श्वास ऐकला, बरगड्या चाचपल्या, एक्स-रे काढला. "दोन बरगड्यांना तडा गेलाय, पण फुप्फुस शाबूत आहे. पट्टा बांधायचा नाही. दुखणं कमी व्हायला औषध देते, म्हणजे खोल श्वास घेता येईल. पडलात कसे?"

माझ्या जिवात जीव आला आणि तोंड सुटलं. "मांजराला वाचवायला गेले. मांजर आपलं आपण उतरलं आणि जाताजाता यांची चौकशी करून गेलं."

यांनी डोळे मिटून छाती धरली.

डॉक्टरबाई वाकल्या. "श्वास घेताना दुखतंय?"

"नाही. ही बोलली की दुखतं."

"काकू, तुम्ही जरा बाहेर बसा."

लग्न झाल्यापासून माझ्या विनोदांवर या माणसाचा चेहरा कधी हलला नव्हता. भिंतीशी बोलावं तशी मी बोलत आले. हसू ओठांवरच शोधायचं असतं, हे मला कुणी शिकवलं कोण जाणे. काही माणसांचं ते बरगड्यांच्या आतच राहत असावं.

बाहेर बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, "फार लागलंय का हो?"

"हो ना," मी म्हणाले, आणि तोंडावर पदर धरून हसत सुटले.