राखून ठेवलेला जवाब

मी गाण्यांबद्दलची पुस्तकं वाचते, गाणी मात्र फारशी ऐकत नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. गुलबर्ग्यातल्या सरकारी नोकरीत दिवसभर कन्नड फायली, बाजारात दख्खनी, घरी मराठी आणि जेवणं उरकली की इंग्रजी पुस्तकं, असा माझा संसार चार भाषांत चाललेला आहे. पुस्तकं म्हणजे कसली, तर परदेशातल्या तळघरांत वाजवणाऱ्या पोरांची, भिंतींवर चोरून चित्रं काढणाऱ्यांची, स्वतःच मासिकं लिहून झेरॉक्स काढून वाटणाऱ्यांची. थोडक्यात, ज्यांना रेडिओवाल्यांनी कधी दारात उभं केलं नाही अशा लोकांची. पहिलं पुस्तक मला स्टेशनसमोरच्या रद्दीच्या गाड्यावर मिळालं. मुंबईहून चेन्नईला जाणारा कुणी तरी गाडीत विसरून गेला असणार.

त्या काळात ती गाणी ऐकायची काही सोयच नव्हती. त्यामुळे पुस्तकात कुणी ड्रम बडवला की माझ्या कानात ढोलकी वाजायची, आणि कुणी बाई माइकसमोर किंचाळली की मला माझी आत्या ऐकू यायची. पुढं मोबाइलवर नेट स्वस्त झालं आणि एका रविवारी मी त्यातलं एक गाणं लावलं. आधी वाटलं, फोन बिघडला. मग कळलं, हेच ते. तेव्हापासून ऐकणं सोडलं, वाचणं नाही सोडलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. हुमनाबादजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीत तिची गायन पार्टी होती. जयंतीला, नव्या विहाराच्या कार्यक्रमाला कव्वालीचे सामने व्हायचे. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन स्टेज. एकावर बाई गाणारी, दुसऱ्यावर पुरुष. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत आणि त्याच यमकात जवाब द्यायचा. जवाब देता आला नाही तर हात जोडून "जवाब राखून" म्हणायचं आणि स्टेजवरून उतरायचं. म्हणजे आज हरलो, पण पुढच्या सामन्यात पहिलं कडवं माझं. राखलेला जवाब त्याच माणसाला समोरासमोर ऐकवायचा. त्याच्या आधी तो दुसऱ्या कुणाच्या कानावर पडला तर बेइमानी.

आणखी एक नेम होता. समोरासमोरच्या गाणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. सामन्याच्या आधी एकत्र चहा नाही, एका बसनं प्रवास नाही. नाही तर लोक म्हणायचे, यांचं आतून ठरलेलं आहे, सगळं नाटक आहे. आत्याचा कायमचा प्रतिस्पर्धी होता मादन हिप्परग्याचा एक शाहीर. आळंदला त्याचं शिलाईचं दुकान होतं. कितीतरी वर्षं ही दोघं एकमेकांचे भर सभेत वाभाडे काढत होती आणि हुमनाबादच्या स्टँडवर समोर आली की पाठ फिरवून उभी राहायची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, वारले तेव्हा तो माणूस आला, वस्तीतल्या पुरुषांबरोबर लिंबाखाली बसला आणि आत्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. नेम तो नेम.

मामा असतानाच डीजे आला होता. पोरांना रात्रभर सवाल-जवाब ऐकायला सवड राहिली नाही आणि पार्ट्या बसल्या त्या बसल्याच.

परदेशातल्या गल्लीबोळांतल्या गायकांची पुस्तकं वाचून वाचून मला एक दिवस वाटलं, असलं पुस्तक आपणही लिहू शकतो. उंटावरून शेळ्या पुष्कळ हाकल्या, आता खाली उतरून बघू. पुण्याच्या एका प्रकाशकाला कल्पना सांगितली. तो एकदम खूश. "भूमिगत संगीत! असंच काही तरी हवं होतं."

हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "भूमिगत कामून? आमी तर रस्त्यावर टेज बांधून गायलाव. पोलीस बंदोबस्ताला असायचे."

सुट्टी मिळाली की मी तिच्याकडं जायची. तिनं म्हणायचं, मी फोनवर भरून घ्यायचं, घरी येऊन उतरवायचं आणि खाली आपलं विवेचन जोडायचं. विवेचनाची मला भारी हौस. एका कडव्यात तिनं म्हटलं होतं की मिशीला तूप लावून आलास, पण घरात भाकरीला मीठ नाही. त्यावर मी सरंजामशाहीबद्दल चांगली दोन पानं लिहिली. ती तिला वाचून दाखवली तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अगं, ते त्येंच्या पेटीवाल्याला म्हनलेलं. बिचारा बुटका, गरीब, आन् मिशी ही एवढी. शाहिरानं आदी आमच्या बायकांच्या काळ्या रंगावर सवाल टाकला, म्हनून मी मिशी धरली. सवाल कुटं हाय तुज्या पुस्तकात?"

सवाल नव्हते. ते मी घेतलेच नव्हते. पुस्तक आत्याचं, तर गाणीही आत्याचीच, असा माझा हिशेब.

"मग लोक म्हनतील, ही बाई कुनी काई न बोलता शिव्याच द्यायली."

मला तिचं म्हणणं पटलं. दोन पानं फाडली आणि सवालही घ्यायला लागले. समोरच्या माणसाचे सगळे सवाल तिला पाठ होते, स्वतःच्या जवाबांपेक्षा पक्के. ती ते त्याच्याच ढंगात, मान तिरकी करून म्हणायची. फक्त शेवटच्या सामन्यापाशी आलो की तिला चहा ठेवायचा असायचा, नाही तर शेळीला पाला टाकायचा असायचा. शेवटचा सामना ती हरली होती, एवढं वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याचे शब्द संपले, असं तेव्हा लोक म्हणाले होते. त्या सामन्याशिवाय पुस्तक पुरं होणार नव्हतं आणि ती ताकास तूर लागू देत नव्हती.

पुढं एका दुपारी, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मी न विचारताच ती तो सवाल म्हणाली.

गळा तुझा, पण पाटीवरती नाव धन्याचं लावलं,
जिंकलीस तर सांग ग बाई, कोण इथं मग जिंकलं?

ते खरंच होतं. पार्टीच्या पाटीवर नाव मामांचं होतं. मामा ढोलकी वाजवायचे. आत्या जिंकली की हार मामांच्या गळ्यात पडायचा आणि नारळही त्यांच्याच हातात यायचा. लहानपणी त्यात आम्हाला काही खटकलं नव्हतं, कारण सगळ्याच पार्ट्यांचं तसं होतं.

"आणि तुला जवाब सुचला नाही?" मी विचारलं.

"सुचला की. त्यो गात व्हता तवाच सुचला." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बाजूला तुजे मामा ढोलकीवर. मी जवाब दिले असते तर तितं जिंकले असते आन् घरी येऊन हरले असते. हात जोडले, उतरले खाली."

मी फोन पुढं केला. म्हटलं, मग आता म्हण, मामा जाऊन किती वर्षं झाली. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी चोरी करायला सांगितली होती. राखलेला जवाब आधी त्याला ऐकवायचा, मग पुस्तक. त्यानं ऐकला नाही तर तो तिच्याबरोबर जाणार. मला तिचा राग आला. प्रकाशक रोज फोन करत होता, मुखपृष्ठ तयार झालं होतं आणि इथं ही बाई मोडून पडलेल्या स्टेजचे नेम पाळत बसलेली. पण तिचा चेहरा बघितला आणि वाद घालायची इच्छा राहिली नाही. लोकांनी इतकी वर्षं आपले शब्द संपले म्हणावं आणि आपण तोंडात शब्द धरून बसावं, हे मला एक दिवसही जमलं नसतं.

शाहीर जिवंत होता. दोन बस बदलून आम्ही मादन हिप्परग्याला गेलो. आत्यानं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं. तो लेकीकडं राहत होता, ओसरीवर बाजेवर बसलेला. आत्या दारात दिसली तसा उठला, आत गेला आणि तोंड धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आला. लेकीनं चहा आणला. दोघांनीही कपाला हात लावला नाही. मी उगीच दोन घोट घेतले आणि ठेवून दिला.

"अक्का, कशाला आलीस?" त्यानं विचारलं. माझ्या माहितीत स्टेजखाली तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"जवाब आनलाय."

त्यानं मान डोलावली. नेमाप्रमाणं सवाल आधी त्यानं म्हणायचा होता. दात गेलेले, दम पुरत नव्हता, पण शब्द एकही चुकला नाही. आत्या मांडीवर ठेका धरून बसली होती. त्याची दुसरी ओळ संपली तशी तिनं उचलली.

मलाच केला सवाल गड्या तू, पाटीला न्हाई इचारलं,
कोण जिंकलं ते तुझ्याच तोंडानं तवाच तू सांगितलं!

तिचा आवाज फाटला होता. तरी गाणं ऐकून ओसरीशी आलेली शेजारची बाई "वा!" म्हणाली. मला वाटलं आता तो टाळी वाजवेल, हरलो म्हणेल. तो नुसता हसला.

"व्हय," तो म्हणाला. "म्हनून तर इचारलं व्हतं, अक्का."

आत्याला कळलं नाही. मलाही नाही.

"एवडी गर्दी व्हती. म्हनलं, आज तरी हिच्या तोंडून येऊ दे. गळा हिचा, आन् हार कुनाला! मी सांगून काय उपेग? मी समोरचा मानूस. तूच म्हनायला पायजे व्हतं. तू हात जोडलीस."

तो सवाल आत्यानं इतकी वर्षं घाव म्हणून सांभाळला होता आणि त्यानं तो दार उघडावं म्हणून टाकला होता. मला फार वाईट वाटलं. कुणावर रागवावं ते कळेना, कारण मामाही काही दुष्ट नव्हते.

"मग सांगायचं तरी, येऊन," ती म्हणाली.

"कसं सांगनार? बोलायचं न्हाई, असा नेम व्हता की."

"जळो त्यो नेम," आत्या म्हणाली आणि तिनं कप उचलला. चहा गार झाला होता. लेक दुसरा करते म्हणत होती, पण दोघांनी तोच बशीत ओतून प्याला.

वातावरण जरा हलकं झालं तसं मी पुस्तकाचं सांगितलं. त्याचे सवाल त्याच्या नावानं येणार आहेत, हेही सांगितलं. तो खूश झाला. मग मी प्रकाशकानं पाठवलेलं मुखपृष्ठ फोनवर दाखवलं. जुन्या फोटोतली आत्या, हात वर केलेली, तोंड उघडं, आणि खाली ठळक अक्षरांत नाव. त्यानं चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. एक एक अक्षर जुळवून नाव वाचलं.

"हे कुनाचं नाव?"

"माझं," मी म्हणाले. "मी लिहिलंय ना."

त्यानं फोन आत्याच्या हातात दिला आणि मान तिरकी केली. आवाज बारीक होता, पण चाल तीच.

"गळा हिचा, पण पाटीवरती..."

एवढंच म्हणून तो थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला. आत्या फोनमधल्या स्वतःच्या फोटोकडं बघत होती. माझ्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांची मुखपृष्ठं माझ्या डोळ्यांसमोर आली. फोटो गाणाऱ्यांचे, नावं लिहिणाऱ्यांची. इतकी वर्षं मी ती नावंच बघून पुस्तकं विकत घेत होते. लिहिलं मी, रजा माझ्या गेल्या, हे सगळं सांगता आलं असतं. पण चालीत बसणारं त्यात काही नव्हतं. मी हात जोडले.

"जवाब राखून," मी म्हणाले. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली होती. आळंद जवळ आल्यावर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राखून ठिवलीस ते बरं केलीस. पर कुनी मरायची वाट बघू नगंस."

आळंदच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या मी प्रकाशकाला फोन लावला. तो उचलेपर्यंत आत्या पिशवी हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.