काकूंना न लागलेली डुलकी

सकाळी आमच्या घरात जो तो आपापल्या घाईत असतो. कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती. आमच्या ह्यांना एक मोजा सापडला होता आणि दुसऱ्यासाठी अख्खं कपाट उपसणं चालू होतं. लेक आरशासमोरून "आई, डबा" असा धोशा लावून होती. तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही, दार. बेल असताना दार वाजवणारं आमच्या मजल्यावर एकच माणूस, समोरच्या काकू. बटण दिसत नाही आणि भिंत चाचपडत शोधणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

हातात कापडी पिशवी आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"तुझं आवरू दे गं आधी. मी बसते," म्हणाल्या आणि ओट्याजवळच्या स्टुलावर टेकल्या. रडून, तोंड धुऊन आल्या होत्या.

काकूंनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढला. या गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ. कोण सुटलंय आणि कोण सुटून "कापड आटलं" म्हणतंय, हे त्यांना बरोबर कळायचं, पण बोलायच्या नाहीत. जेवणं आटोपली की यंत्रावर खोळ घालायची आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडायचं. पुस्तकात खूण म्हणून कापडाची चिंधी. वर्षाला चाळीस पुस्तकं वाचायची, असा त्यांचा स्वतःशीच नेम होता. कुणी विचारलं, हा हट्ट कशाला, तर म्हणायच्या, "सगळा दिवस दुसऱ्यांच्या मापानं जातो. एवढं एक माझ्या मापाचं."

कधी अडतीसवर वर्ष संपलं तर वाचनालयात विचारल्यावर अडतीसच सांगायच्या. बारकं पुस्तक आणून आकडा फुगवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. चाळणं निराळं आणि वाचणं निराळं, असं मला कितीदा तरी सुनावलंय.

मग डोळ्यांचा पडदा खराब झाला. माणूस दिसतं, रंग दिसतो, पण अक्षर फुटतं. डॉक्टरांनी हात टेकले. यंत्र विकलं ते काकूंनी सोसलं, पण पुस्तकांचं निघालं की उठून आत जायच्या. मोबाइलमधली बाई वाचून दाखवते म्हणून आम्ही लावून दिलं. दोन दिवस ऐकून म्हणाल्या, "हिला काही वाटतच नाही गं. मेलेल्या माणसाचंही वाचते आणि भाजीचंही तसंच वाचते."

तेव्हा काका पुढे आले. काका बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी जिन्यात कुणी अडलं की "चला पुढे, पुढे जागा आहे" करतात. गाडी रिकामी असली आणि थांब्यावर चिटपाखरू नसलं, तरी आपण कधी थांबा गाळला नाही, ही त्यांची जन्माची बढाई. ते रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला लागले. प्रकरण संपलं की जिभेनं "टिंग टिंग" करायचे. मी दारातून ऐकायचे आणि मला त्या दोघांचं फार कौतुक वाटायचं. काकूंचा नेमही पुन्हा सुरू झाला. वर्ष सरायच्या आत छत्तीस झाली, सदतीस झाली.

फक्त एक गोष्ट अधूनमधून कानावर यायची. काकू म्हणायच्या, "वाचता वाचता मला डुलकी लागते गं. कळतच नाही. आत्ता लग्न ठरत होतं, तर एकदम पोर शाळेत जातंय. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तू घोरत होतीस." मग त्यांनी संध्याकाळचं पोटभर खाणं सोडलं. मग डोळ्यांवर पाणी मारून बसायला लागल्या. शेवटी ओट्याला धरून उभ्यानं ऐकायला लागल्या. तरी गोष्ट तुटायची. काका म्हणायचे, "झोप नसेल, पण तुझं लक्ष नसतं आताशा." एकदा काकूंनी मला हळूच विचारलं, विसरायचा आजार असाच सुरू होतो का. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण काकूंच्या मनातलं गेलं नाही.

काल गॅलरीत कपडे वाळत घालताना मी सहज बोलले. काकांनी नुकतीच त्यांना एक जाडजूड कादंबरी वाचून संपवली होती, मीही तीच त्यांच्या आधी वाचून वाचनालयात परत केली होती. म्हटलं, "काकू, ती धाकटी बहीण घर सोडते आणि कुणी तिला थांबवत नाही, तिथे मी रडले."

काकू म्हणाल्या, "कुठली धाकटी बहीण?"

अर्धी कादंबरी त्या बहिणीची आहे. मला वाटलं, आजारच खरा निघाला. मी विषय बदलला.

"रात्री ह्यांना विचारलं," काकू आता स्टुलावरून सांगत होत्या. "म्हणाले, तू झोपलीस तेव्हा आलं असेल ते. म्हटलं, बरं, मी झोपले. तुम्ही तर जागे होतात ना? मग तिचं पुढे काय झालं ते सांगा."

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला.

"नाही सांगता आलं गं. त्यांनाही ती ठाऊक नव्हती."

तेवढ्यात काका उघड्या दारात येऊन उभे राहिले. बनियनवर, चष्मा कपाळावर.

"तिची दुसरी चप्पल द्यायला आलो," ते मला म्हणाले.

"ठेवा तिथेच," काकू म्हणाल्या.

काकांनी चप्पल ठेवली, पण गेले नाहीत. "अगं, मी काय वाईट केलं? तुझी चाळीस व्हावीत म्हणूनच ना? पहिल्या महिन्यात तू रडकुंडीला आली होतीस, यंदा दहासुद्धा होणार नाहीत म्हणून. माझा घसा तेवढा चालत नाही. दोन-चार पानं इकडची तिकडं."

"दोन-चार? किती पुस्तकांतली गाळलीत?"

काका चष्म्याशी चाळा करत राहिले.

"किती?"

"थोडी थोडी सगळ्यांतलीच," काका म्हणाले.

आमचे हे दारामागे एक मोजा घालून उभे होते. पुढे यायची त्यांची छाती झाली नाही.

"रिकाम्या गाडीचाही थांबा घेणारा माणूस," काकू मला म्हणाल्या, काकांकडे न बघता. "आणि मी तर गाडीत बसले होते."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला," काका मला म्हणाले. एरवी ते मला पोरी म्हणतात.

मी म्हटलं, "काका, पानं गाळलीत ते एक वेळ समजलं. पण त्या उभ्यानं ऐकत होत्या."

काका वळले. थोड्या वेळानं समोरचं दार लागल्याचा आवाज आला.

लेक आणि हे डबे घेऊन गेले. काकूंसाठी मी चहा टाकला.

"मला पानांचं नाही वाटत," त्या म्हणाल्या. "मी म्हातारी, मला काय कळतंय, असं समजून वगळली असती तरी सोसलं असतं. पण सहा महिने मी ह्यांची माफी मागतेय. झोपले हो, चुकलं, म्हणून. आणि हा माणूस म्हणतोय, असू दे, असू दे. मोठ्या मनानं. माझं डोकं कामातून चाललं म्हणून मी मनात कशाकशाची तयारी केली होती, तुला काय सांगू. ह्यांना दिसत होतं ते. मला दिसत नाही, ह्यांना तर दिसत होतं ना?"

कपाचा कान मी त्यांच्या बोटांशी नेला. त्या चहा प्यायल्या. मग मांडीवरची पिशवी उघडून तीच कादंबरी बाहेर काढली. परत करायची राहिली होती. चिंधी शेवटच्या पानात होती. ती त्यांनी ओढून काढली, पहिलं पान बोटांनी शोधलं आणि तिथे ठेवली.

"यंदाची किती झाली म्हणायची मग?" मी विचारलं.

"शून्य," काकू म्हणाल्या. "वाचनालयात तसंच सांगणार आहे."

मी हात पुसले आणि त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले. भांडी तशीच पडली होती. पुस्तक हातात घेतलं. चष्मा लावेपर्यंत काकू थांबल्या, मग म्हणाल्या,

"रोज एवढंच पाहिजे असं नाही. तुला जमेल तेवढं वाच. फक्त मला झोप लागली, तर पुढे जाऊ नकोस. मला उठव."