अंगणातला राब

चार वाजेपर्यंत माझा नवरा गप्प असतो. स्वतःचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, पण ओटीवर बसून राहतो. उन्हं कलली की सुरू होतं. उठतो, बसतो, फाटकाचे गज धरून हलवतो. "राब भाजायचाय. चल गं, उशीर झाला." पाऊस असो की थंडी, त्याला रोज संध्याकाळी राबच भाजायचा असतो.

पन्नास वर्षं त्याला अहो-जाहो केलं. आता अरे-तुरे करते. ज्याला घास मी भरवते, त्याला अहो कसलं?

आमच्या पोशीर गावाकडे भात पेरायच्या आधी रोपाची जागा भाजतात. खाली शेण, त्यावर तोडलेल्या डहाळ्यांचा टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा, गवत आणि सगळ्यावर बारीक माती. माती असली की आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत जाते. हाच राब. आमची जमीन विकली, तिच्यावर बंगले झाले. पण ते त्याच्या डोक्यात राहत नाही.

गेल्या माघात तो फाटकावरून चढून बाहेर गेला. अंधार पडायच्या आत बंगल्याच्या वॉचमनने स्कूटरवरून आणून सोडला. पायात चप्पल नाही, ढोपरं फुटलेली. मुलगा खालापूरकडे कारखान्यात आहे. तो कामावरून आला आणि म्हणाला, "आई, संध्याकाळपुरती खोलीला बाहेरून कडी लावू."

"गुरं कोंडतात," मी म्हटलं. "मानूस कोंडायचा नाय. मी हाय तवर नाय."

"मग तूच बघ," तो म्हणाला.

कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, या आजारात संध्याकाळी असंच होतं, वाद घालू नका. गोळ्या दिल्या, त्यांनी तो दिवसा झोपायला लागला आणि संध्याकाळी होता तसाच. मग मला वाटलं, राब हवा ना, देऊ राब. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, आंब्याचा पातेरा झाडून आणला, अंगणाच्या कोपऱ्यात ढीग घातला. तो फाटक सोडून तिथे आला आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं मोडून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा दिलं.

सून म्हणाली, "आई, रोज मांडायचं नि रोज मोडायचं?"

"तू भांडी रोज घासतेस ना?"

महिनाभर बरं गेलं. तासभर तो शांतपणे थर लावायचा. मला बोलायचा, "टहाळ असा टाकतात? तुझ्या आयशीनं शिकवलं नाय वाटतं काय." मी म्हणायची, "नाय शिकवलं. म्हनून तर तुला दिली." थर लावून झाले की तो काडीपेटी मागायचा. मी म्हणायची, "वारा हाय रं, उद्या भाजू." वाऱ्यात राब कोणी पेटवत नाही. एवढं एक तो ऐकायचा.

मग एक दिवस वारा खरंच पडला. मी नेहमीसारखं सांगितलं. त्याने चिमूटभर धूळ वरून सोडली, ती सरळ खाली पडली. माझ्याकडे बघितलं आणि घरात गेला. देवापुढची काडीपेटी घेऊन आला.

मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं. पण त्याने नेमक्या बाजूने काडी लावली, दाताळं घेऊन उभा राहिला, आग जिथे वर येईल तिथे माती ओढायला लागला. दोन वर्षांत एवढा शहाणा दिसला नव्हता. मला बघत राहावंसं वाटलं.

सून किंचाळली. मुलाची मोटारसायकल चार हातांवर होती. मी बादली उचलली आणि ओतली.

"वरीस घालवलंस!" तो ओरडला. "पोरं काय खातील?" आणि दाताळ्याचा दांडा माझ्या मनगटावर बसला. हाड मोडलं. तरुणपणी मी मार खाल्लेला आहे, त्याचं काही नाही. पण तेव्हा आपण कोणाला मारतोय ते त्याला ठाऊक असायचं.

मुलाने दुसऱ्या दिवशी कडी बसवली. मी बघत बसले. एका हाताने मी त्याला धरू शकत नव्हते. संध्याकाळी सून दाराशी गेली आणि रडायला लागली. "माझ्यानं नाय होत, आई." म्हणून मी उठले आणि डाव्या हाताने कडी घातली.

तेव्हापासून रोज मीच घालते. आतून तो दारावर थापा मारतो. "अगं कोन हाय भाईर? राब विझलाय, उघड." पहिले काही दिवस मी "येते" म्हणायची. ते ऐकून तो जास्तच थापा मारतो, म्हणून आता बोलत नाही. दाराबाहेर पाट घेऊन बसते. लसूण सोलायचा तर सोलते. अंगणातला पातेरा सुनेने केव्हाच जाळून टाकला. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. ते मला दिसतंच आहे.

दिवे लागून तासभर झाला की थापा थांबतात. मग कडी काढते. तो जमिनीवर बसलेला असतो, लेंगा ओला. बदलायला लागले की निमूट पाय उचलून देतो.

"कुठली गं तू?" विचारतो.

"इथलीच," म्हणते.